धागा : ध्रुवीय समुद्रतळाचे फोटो परभणीत बसून मोजायचे आहेत. कसे मोजायचे, आणि त्या मोजणीने तिथलं काय वाचतं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या सहा जणांच्या गटाला प्रकल्प द्यायचाय. विषय अंटार्क्टिकाच्या समुद्रतळावरचे जीव. परभणीहून सरळ रेषेत मोजलं तरी समुद्र चारशे किलोमीटर, त्यामुळे नमुने वगैरे विसरा. पण पोलारस्टर्न या जर्मन संशोधन जहाजाने घेतलेले तळाचे फोटो पांगेया या संग्रहात मोफत मिळतात. तेच वापरायचे.

प्रश्न चार आहेत. फोटोतलं क्षेत्रफळ कसं काढायचं? प्राण्यांची ओळख कुठपर्यंत न्यायची? हे फोटो नेमके निघतात कसे? (यंत्र कळलं नाही तर पोरं चुका करतील आणि त्या चुका मलाही कळणार नाहीत.) आणि चौथा, या मोजणीचा संरक्षणाशी थेट संबंध काय? "निसर्ग वाचवा" छापाचं उत्तर नको, नियम कुठला आणि आकडा कुठला ते हवं.

थंडसमुद्र
सर, तिसऱ्यापासून सुरुवात करतो, बाकीची उत्तरं त्यावर उभी आहेत.

आधी जागा समजून घ्या. आपल्या कोकणापुढचा खंडमंच (खंडाला लागून असलेला उथळ समुद्रतळ) शंभर-दोनशे मीटर खोल असतो. अंटार्क्टिकाचा सरासरी साडेचारशे-पाचशे मीटर, काही घळी हजाराच्याही खाली. बर्फाच्या ओझ्याने खंड दबलाय आणि हिमनद्यांनी तळ खरवडून काढलाय. पाणी उणे १.८ अंशाच्या आसपास. म्हणजे पाणबुड्याने बघायचा हा तळ नाही, कॅमेराच सोडावा लागतो.

पोलारस्टर्नचा कॅमेरा म्हणजे ओफोब्स. जाड लोखंडी सांगाडा, वजन टनाच्या घरात, जहाजामागे केबलला टांगलेला. केबलच्या आत काचतंतू, त्यातून चित्र थेट वर दिसतं. सांगाड्यावर स्थिरचित्र कॅमेरा, व्हिडिओ कॅमेरा, दिवे, लेझर आणि सोनार, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून बाजूचा तळ दाखवणारं यंत्र. तळापासून दीड ते अडीच मीटर उंचीवर ठेवून अर्ध्या ते एक नॉट वेगाने ओढतात. माणूस चालतो त्याच्याहून हळू.

गंमत अशी की दाट समुद्रबर्फात जहाज हिंदकळत नाही, बर्फ लाटा दाबतो. कॅमेऱ्याची उंची छान स्थिर राहते. पण मग जहाज कुठे जाणार ते बर्फ ठरवतो. म्हणून या फोटोंच्या रांगा नकाशावर वाकड्यातिकड्या दिसतात. पोरांना सांगा, ती चूक नव्हे, तो बर्फाचा प्रवाह आहे. मोकळ्या पाण्यात उलट होतं : रांग सरळ, आणि विंच (केबल गुंडाळायचं यंत्र) चालवणारा माणूस दर लाटेला केबल सोडतोय-ओढतोय. तिथे एक फोटो सव्वा मीटरवरून आणि पुढचा तीन मीटरवरून, असं सर्रास.

बोअर_कॅमेरा
लातूरकडून राम राम. ध्रुवावरचं काही ठाऊक नाही, पण बोअरमध्ये कॅमेरा सोडणं हा रोजचा धंदा. आमच्याकडे मुख्य भांडण गढूळपणाशी. दिवा कॅमेऱ्याच्या तोंडालाच असतो, पाण्यात मुरमाची भुकटी असली की समोर नुसतं धुकं. तिथे काय करतात?

थंडसमुद्र
भाऊ, नेमकी हीच अडचण. दिवा भिंगाजवळ असला की मधल्या पाण्यातला प्रत्येक कण उजळून प्रकाश परत भिंगात येतो. म्हणून दिवे सांगाड्याच्या कडांना, भिंगापासून जमेल तितके लांब, आणि आतल्या बाजूला तिरपे. प्रकाशाचा झोत आणि कॅमेऱ्याची नजर फक्त तळाशीच एकमेकांना भेटली पाहिजेत. बोअरच्या साडेसहा इंचात ही चैन नाही, तुमचं बरोबर आहे.

दुसरं, लाल रंग पाण्यात दोन-चार मीटरमध्येच विरतो. कॅमेरा दोन मीटरवर असेल तर प्रकाशाचा जाऊन-येऊन प्रवास चार मीटर. अडीच मीटरवरून काढलेला लालभडक समुद्रतारा तपकिरी दिसतो. रंगावरून जात ठरवू नका, हे पोरांच्या वहीत पहिल्या पानावर लिहा.

तिसरं, कॅमेरा तळाला टेकला की गाळ उडतो आणि थंड, संथ पाण्यात तो मिनिटंच्या मिनिटं बसत नाही. ते दहा-वीस फोटो सरळ बाद.

शिंपली
क्षेत्रफळाचं मी घेते.

ओफोब्सच्या फोटोत तळावर लेझरचे ठिपके दिसतात, एकमेकांपासून ५० सेंटीमीटरवर. किरण समांतर असतात, त्यामुळे कॅमेरा वर गेला काय किंवा खाली आला काय, तळावरचं अंतर ५० सेंटीमीटरच. बदलतं ते फोटोतलं अंतर. तीच तुमची फूटपट्टी.

उदाहरण घ्या. फोटो ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा. दोन ठिपक्यांत १००० पिक्सेल. म्हणजे १००० पिक्सेल = ०.५ मीटर. फोटोची रुंदी ३ मीटर, उंची २ मीटर, क्षेत्रफळ ६ चौरस मीटर. पुढच्या फोटोत ठिपक्यांत १२५० पिक्सेल आले तर रुंदी २.४, उंची १.६ आणि क्षेत्रफळ ३.८४. एकाच रांगेत शेजारच्या दोन फोटोंत एवढा फरक पडतो. "दर फोटोत इतके प्राणी" असं लिहिलेला तक्ता म्हणूनच कचऱ्यात जातो, दर चौरस मीटरला किती ते लिहा.

चूक कुठे होते? ठिपका हा मोठा धूसर डाग असतो, त्याचा मध्य धरायचा. १००० च्या जागी १०२० मोजलं तर लांबीत २ टक्के चूक, पण क्षेत्रफळात ४. आणि एक ठिपका धोंड्यावर पडला असेल तर मोजमाप त्या धोंड्याच्या माथ्याचं होतं, भोवतीच्या तळाचं राहत नाही. असे फोटो वेगळ्या यादीत काढा. भिंगामुळे कोपरे ताणले जातात, म्हणून लांबी मोजायचा प्राणी मधल्या भागातलाच घ्या. मोजदाद मात्र पूर्ण फोटोत चालेल.

हिशेब बरोबर येतोय का ते तपासायला एक सुरेख उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये वेडेल समुद्राच्या दक्षिणेला, फिल्खनर घळीजवळ याच कॅमेऱ्याखालून माशांची घरटी जायला लागली आणि संपेचनात. जोनाचा बर्फमासा, निओपॅजेटॉप्सिस आयोना. खोली ४२० ते ५३५ मीटर. एकेक घरटं साधारण ७५ सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल वाडगं, तळाशी बारीक खडे, दीड ते अडीच हजार अंडी, आणि बहुतेकांत राखण करणारा एकच मोठा मासा. घनता दर चौरस मीटरला ०.२६ घरटी, वसाहत सुमारे २४० चौरस किलोमीटर. आता गुणा : २४ कोटी चौरस मीटर × ०.२६ = ६ कोटी २४ लाख. जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला "सुमारे सहा कोटी घरटी" हा आकडा असा येतो. वरच्या ६ चौरस मीटरच्या फोटोत सरासरी दीड घरटं दिसायला हवं, आणि घरटं १५०० पिक्सेल रुंद. पोरांना हे घरटं ५०० पिक्सेलचं मिळालं तर समजा, लेझर चुकीचे धरलेत.

मांजरातीर
शिंपलीताई, तो गुणाकार वाटतो तितका निरागस नाही. २४० चौरस किलोमीटर कॅमेऱ्याखालून गेलेले नाहीत. कॅमेऱ्याने अरुंद पट्टे पाहिले, बाजूच्या सोनारला खळग्यांचा पट्टा जास्त रुंद दिसला, आणि मधली जागा अंदाजाने भरली.

शिंपली
बरोबर, आणि ते प्रकल्पात लिहायलाच हवं. पाहिलेलं क्षेत्रफळ एका रकान्यात, ज्याच्यावर ताणलं ते दुसऱ्यात. पिकाच्या आणेवारीतही दहा बाय पाच मीटरचा प्लॉट कापून गावाचा उतारा काढतातच की. प्लॉट कुठे पाडला ते लपवलं की भांडण होतं.

जालनाकर
आडवा प्रश्न. कॅमेरा स्वतः बनवून विहिरीत तपासता येईल का? आमच्या इथं इंजिनिअरिंगची पोरं मागं लागलीत. मेटलच्या नळीला पुढं काच बसवायची, एवढंच ना?

थंडसमुद्र
तपासा जरूर, पण दाबाचा हिशेब करून. दर दहा मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो. १०० फूट पाण्याची विहीर म्हणजे तीन. ५०० मीटरवर पन्नास. दहा सेंटीमीटर व्यासाच्या काचेचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर, त्यावर पन्नास वातावरणं म्हणजे सुमारे चार टन. उसाच्या दोन भरल्या बैलगाड्या एका बशीवर. म्हणूनच खोल कॅमेऱ्यांची काच बोटभर जाड किंवा घुमटाच्या आकाराची असते.

गळती काचेतून क्वचितच होते, होते ती ओ-रिंगमधून (झाकणाच्या खाचेत बसणारं रबरी कडं). खाच ओरखड्याशिवाय गुळगुळीत हवी, सिलिकॉन ग्रीसचा फक्त चमकेल इतका हात हवा. थापलं की धूळ चिकटते, आणि एक केस किंवा वाळूचा कण रिंगखाली आला की तिथूनच पाणी. मजा म्हणजे खोल गेल्यावर दाबाने रिंग आणखी घट्ट बसते. गळती बहुधा पहिल्या पाच-दहा मीटरांतच होते, आणि त्यासाठी तुमची विहीर पुरेशी आहे.

विहिरीत जे कळत नाही ते थंडीचं. डेकवर उणे वीस, पाणी उणे दोन. नळीत आपल्या हवेचा दमटपणा बंद झाला असेल तर काचेला आतून दव धरतं. बंद करण्याआधी आत कोरडी हवा किंवा नायट्रोजन, शिवाय भाजून घेतलेल्या सिलिका जेलच्या पुड्या.

बोअर_कॅमेरा
जालनाकर दादा, दाबच तपासायचा तर विहीर सोडा, बोअर घ्या. आमच्याकडं आठशे-हजार फुटाचे बोअर आहेत. पाणी ३०० फुटावर असेल तर तळाशी ५००-७०० फूट पाण्याचा दाब मिळतो, पंधरा-वीस वातावरणं. फक्त आधी सबमर्सिबल बाहेर काढा. पाइप आणि वायरीच्या शेजारून कॅमेरा सोडला की अडकतोच. केसिंग संपल्यावर मुरमाचा थर ढासळलेला असतो, तिथं हळू. आणि वजन पेलायला वेगळी स्टीलची तार लावा, सिग्नलच्या वायरीवर भार टाकू नका.

थंडसमुद्र सर, बर्फाखालीही बोअर मारून कॅमेरा सोडतात असं वाचलंय. ते कसं?

थंडसमुद्र
भाऊ, तुमचाच विषय आहे, म्हणून जरा सविस्तर.

आइस शेल्फ म्हणजे जमिनीवरचा बर्फ पुढे सरकून समुद्रावर तरंगायला लागलेली जाड फळी. जाडी काही शे मीटर. खाली समुद्र, त्याखाली तळ. तिथे बिट नसतं, गरम पाणी असतं. बर्फ वितळवून पाणी जमवायचं, बॉयलरमध्ये ८०-९० अंशांपर्यंत तापवायचं आणि जोराच्या दाबाने नळीच्या टोकातून खाली मारायचं. नळी स्वतःच्या वजनाने सरळ लोंबली पाहिजे. घाईने सोडली तर टोक बर्फाला टेकतं, नळी वाकते आणि भोक तिरकं जातं. बोअर वाकडा झाल्यावर मोटर उतरत नाही, तसंच इथे यंत्र उतरत नाही. भोक साधारण ३० सेंटीमीटरचं.

तुम्ही बोअर घेतल्यावर पहिलं विचारता, पाणी कितीवर लागलं? इथे ते आधीच सांगता येतं. फळी तरंगतेय, तिचे दहातले आठ-नऊ भाग बुडालेले आणि जेमतेम एक भाग वर. ८९० मीटर जाड बर्फात समुद्राची पातळी तोंडापासून शंभरेक मीटर खाली. म्हणून आधी एक भोक त्या पातळीखाली नेतात, तिथे गरम पाणी खेळवून पोकळी करतात आणि तिच्यात सबमर्सिबल सोडतात. हो, सबमर्सिबलच. मुख्य भोकाचं पाणी त्या पोकळीत येतं, पंप ते वर आणतो, तापून परत खाली जातं.

शेवटचे काही मीटर जिवावरचे. भोकातली पातळी समुद्रापेक्षा वर असताना खालचा बर्फ फुटला तर आपलं पाणी बदकन समुद्रात जातं, सोबत आपले जंतू. म्हणून फुटण्याआधी उपसून पातळी थोडी खाली ठेवतात, म्हणजे पाणी खालून वर येतं. बंदिस्त पाण्यात उतरणाऱ्या मोहिमांत ड्रिलचं पाणी बारीक गाळण्यांतून आणि अतिनील दिव्याखालून नेतात, केबल आणि यंत्रं हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसतात.

भोक मिटायला लगेच सुरुवात होते. कडेचा बर्फ फार थंड असतो, तो पाणी गोठवत आत येतो. मधून मधून गरम पाण्याने परत मोठं करावं लागतं, नाहीतर कॅमेरा आत आणि दार बंद.

याच पद्धतीने फिल्खनर-रॉने शेल्फमध्ये ८९० मीटर बर्फातून खाली गेलेल्यांना गाळाची कांडी काढायची होती. नळी धोंड्यावर आदळली. वैतागून चित्र पाहिलं तर धोंड्याला देठाचे स्पंज चिकटलेले, तेही मोकळ्या समुद्रापासून २६० किलोमीटर आत. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. रॉस शेल्फखाली २०१५ मध्ये ७४० मीटर बर्फाखाली, कडेपासून साडेआठशे किलोमीटर आत मासे पोहताना दिसले.

बोअर_कॅमेरा
कोरडा बोअर गेला म्हणून रडत बसले आणि आत सोनं निघालं. मस्त.

मांजरातीर
गोदाकाठ सर, ओळखीचं माझ्याकडे. फोटोवरून प्रजाती लिहायचा मोह टाळा. स्पंजाची जात त्याच्या सुयांवरून ठरते, आणि त्या सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. फोटोवरून "काचेचा स्पंज, रांजणासारखा" एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. अशा आकारगटांची सचित्र यादी आधी बनवा, पंचवीस-तीसपेक्षा जास्त नको. प्रत्येक गटाचे तीन-चार नमुना फोटो भिंतीवर लावा. नावांचं शुद्धलेखन आणि वर्गीकरण वर्म्स या जागतिक सागरी नोंदवहीतून घ्या, अंटार्क्टिकसाठी तिचीच शाखा रॅम्स आहे. तिथला अफिया क्रमांक तक्त्यात ठेवा. नावं बदलतात, क्रमांकावरून शोधता येतं.

खुणा करायला बीगल नावाचं ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर आहे. लेझरचे ठिपके धरून क्षेत्रफळ काढायची सोयही त्यात आहे, पण दर वीस फोटोंमागे एक हाताने तपासा. लाल समुद्रतारा किंवा चमकणारा शिंपला दिसला की ते सॉफ्टवेअर त्यालाच लेझर समजतं.

फसवणाऱ्या गोष्टी :
हिमनगातून गळून पडलेले धोंडे. काळ्या रानात मधेच पांढरा दगड पडावा तसे दिसतात. गोल, फिकट, अगदी स्पंज. सावली बघा : स्पंजाची मऊ, धोंड्याची तुटक.
रिकामं घरटं आणि हिमनगाच्या खरचटीतला खळगा. घरट्यात खडे आणि गोल कडा, खळगा लांबट.
सागरी कोळी. पाय मोजा, आठ असतात (क्वचित दहा-बारा), धड जवळजवळ नसतंच. नाजूक तारा ऑफियुरॉइड, तिला मधे स्पष्ट चकती.
एकावर एक वाढलेले जीव. स्पंजावर सागरलिली, लिलीवर कोळंबीसारखं काही. तिन्ही वेगळे मोजायचे, आणि कोण कुणावर बसलंय तेही लिहायचं.

दोघांनी एकमेकांचं न पाहता शंभरातले दहा फोटो मोजा. कप्पा हा जुळणीचा आकडा काढा, ०.६ च्या खाली आला तर पुढे जाऊ नका, यादीतले गट परत समजावा. पहिल्या आठवड्यात तो खालीच येणार.

शिंपली
+१. आणि लागोपाठचे सगळे फोटो घेऊ नका. अर्धा नॉट म्हणजे सेकंदाला पाव मीटर. समजा दर वीस सेकंदाला फोटो, तर दोन फोटोंत पाचेक मीटर. फोटो दोन मीटर उंच, त्यामुळे एकावर एक येत नाहीत. पण जहाज रेंगाळलं की तोच स्पंज तीनदा मोजला जातो. अक्षांश-रेखांशाचा तक्ता सोबत असतोच, अंतर काढा आणि मगच चिठ्ठ्या टाकून निवडा.

जालनाकर
सोनारच्या खोलीवर विश्वास ठेवावा का? तक्त्यात कॅमेऱ्याची खोली आणि जहाजाची खोली जुळत नाही असं दिसायलंय.

थंडसमुद्र
दोन कारणं. कॅमेरा जहाजाच्या खाली नसतो, मागे लोंबतो. आणि आवाजाचा वेग. सर्वसाधारण १५०० मीटर प्रतिसेकंद धरतात, या थंड पाण्यात तो १४४५ च्या आसपास. दुरुस्ती केली नाही तर खरा ५०० मीटर तळ ५१९ दिसतो. म्हणून दर मोहिमेत क्षारता-तापमान-खोली मोजणारं सीटीडी यंत्र सोडून वेग काढतात. त्या यंत्राचं दुखणं वेगळंच : पाण्यातून वर आलं की आतली काचेची नळी डेकवरच्या थंडीत गोठते आणि तडकते. वर येताच उबेत घ्यायचं नाहीतर आतलं पाणी काढून टाकायचं. विंच अडली आणि यंत्र दहा मिनिटं हवेत लोंबलं की गेलं.

कायदाकलम
चौथा प्रश्न कुणी घेतला नाही, मी घेतो.

अंटार्क्टिक समुद्रातली मासेमारी कॅमलार आयोगाच्या हाती आहे. करार १९८० चा, अंमल १९८२ पासून, कचेरी ऑस्ट्रेलियात होबार्टला. भारत १९८६ पासून सदस्य. तिथे खुल्या समुद्रात तळ घासणारी ट्रॉल जाळी जवळपास बंद आहेत. टूथफिश या माशासाठीची शोधमासेमारी (साठा किती ते अजून नीट माहीत नसलेल्या भागातली) लाँगलाइनने चालते, पण ५५० मीटरपेक्षा उथळ तळावर नाही. शिंपलीताईंची घरटी ४२० ते ५३५ मध्ये, लक्षात घ्या.

आता आकडा. लाँगलाइन म्हणजे मैलोन् मैल दोर, त्याला हजारो हुक. दोराचे तुकडे धरतात : १००० हुक किंवा १२०० मीटर, जे कमी ते. ओढताना त्या तुकड्यावर स्पंज, प्रवाळ वगैरे जे आलं ते १० लिटरच्या बादलीत टाकायचं. बादलीत मावणाऱ्या जिवांचं एक लिटर म्हणजे एक एकक, न मावणाऱ्यांचा एक किलो म्हणजे एक एकक. एका तुकड्यावर पाच एककं झाली की कळवायचं. दहा झाली की तुकड्याच्या मध्यबिंदूभोवती एक सागरी मैल त्रिज्येचं वर्तुळ बंद. तिथे नवा दोर टाकायचा नाही. वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे १०.८ चौरस किलोमीटर.

मांजरातीर
आणि हीच त्या नियमाची दुखरी बाजू. हुक स्पंज गोळा करायला बनवलेला नाही. काचेचा स्पंज अर्धा किलोमीटर वर येता येता चुरा होऊन गळतो. दोर ओढताना बाजूला सरकतो, खाली झाडलोट होते, वर बादलीत मूठभर. सागरलेखणीसारख्या हलक्या जिवांना दहा लिटर भरायला खाली केवढा नाश व्हावा लागेल? बादली रिकामी आली म्हणजे तळ रिकामा होता, असं होत नाही.

कायदाकलम
मान्य. पण तो नियम जहाजावरच्या माणसाला ओल्या हाताने पाळता येतो, हेही बघा. आणि तुमचा मुद्दा सिद्ध करायला लागतं काय? तर कॅमेऱ्याची मोजणी. बादलीत इतकं आलं तेव्हा खाली दर चौरस मीटरला किती होतं, हे दाखवता आलं तरच उंबरठा खाली आणा म्हणता येतं. नुसतं "फार नाश होतो" यावर होबार्टमध्ये ओळही बदलत नाही, कारण तिथला प्रत्येक निर्णय सर्वसहमतीचा. एक देश नाही म्हणाला की संपलं.

मोठी राखीव क्षेत्रं त्यामुळेच हातावर मोजण्याइतकी. दक्षिण ऑर्कनी बेटांजवळचं २००९ मध्ये ठरलेलं, सुमारे ९४ हजार चौरस किलोमीटर. रॉस समुद्राचं २०१६ मध्ये मंजूर, १ डिसेंबर २०१७ पासून लागू, साडेपंधरा लाख चौरस किलोमीटर, तेही ३५ वर्षांच्या मुदतीचं. वेडेल समुद्राचा प्रस्ताव २०१६ पासून आयोगापुढे आहे, चीन आणि रशियाचा नकार आडवा येतो. भारताने २०२१ मध्ये वेडेल आणि पूर्व अंटार्क्टिक या दोन्ही प्रस्तावांचं सहप्रायोजकत्व घेतलं. ५५० मीटरची अट बाजूला ठेवून, २४० चौरस किलोमीटरची घरट्यांची वसाहत नुसत्या बादलीच्या नियमाने बंद करायची तर किमान तेवीस वर्तुळं लागतील, प्रत्येकासाठी आधी नुकसान होऊ द्यायचं. राखीव क्षेत्र मागायचं कारण हे.

खनिज उत्खनन वेगळं. ते १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने (अंटार्क्टिक कराराला जोडलेला पर्यावरण करार) बंद आहे (अंमल १९९८ पासून), आणि आपल्या २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्यानेही.

जालनाकर
पण बर्फ वितळून जागा मोकळी झाली तर तळाला चांगलंच की. उजेड येईल, खाणं येईल. मग ओरड कामून?

थंडसमुद्र
अर्धं खरं आहे. लार्सन ए शेल्फ १९९५ मध्ये तुटला, त्याच्या खालच्या तळावर २००७ आणि २०११ च्या पाहणीत काचेच्या स्पंजांची संख्या तिपटीवर गेलेली दिसली. या जिवांची संख्या शतकानुशतकं फारशी बदलत नाही असं मानत होते, ते गेलं. जानेवारी २०२५ मध्ये जॉर्ज सहावा शेल्फपासून ५१० चौरस किलोमीटरचा हिमनग सुटला. जवळच असलेलं फाल्कोर टू हे संशोधन जहाज काही दिवसांत तिथे गेलं आणि सुबास्तियन हा दूरनियंत्रित यंत्रमानव १३०० मीटरपर्यंत उतरवला. मोठमोठे स्पंज आणि प्रवाळ आधीपासून होते, अंधारातच वाढलेले. त्यांना "मोकळी जागा" नको होती.

उथळ पाण्यात तर उलटंच. किनाऱ्याला चिकटलेला समुद्रबर्फ हिमनगांना जागच्या जागी धरून ठेवतो. तो कमी दिवस टिकला की हिमनग मोकळे फिरतात, तळाशी घासतात, नांगरासारखी तास पाडतात. रोथेरा या ब्रिटिश संशोधन केंद्राजवळ तळावरच्या पाट्या एका अंशाने तापवून पाहिल्या, तर एकाच जातीच्या ब्रायोझोआने (पृष्ठभागाला चिकटून वसाहतीने वाढणारा बारीक प्राणी) दुप्पट वेगाने वाढून बाकीच्यांना दाबलं. जीव वाढले, प्रकार घटले. तुमच्या तक्त्यात एकूण संख्या आणि गटांची संख्या हे दोन रकाने वेगळे का हवेत, ते यावरून पोरांना दाखवता येईल.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. आराखडा असा धरतोय, चूक असेल तर सांगा :

वेडेल समुद्रातल्या दोन रांगा, एक ४०० ते ५५० मीटरची, एक त्याहून खोल. प्रत्येकीतून १५० फोटो चिठ्ठीने. लेझर न दिसणारे, गाळ उडालेले, दीड मीटरच्या खालचे आणि अडीचच्या वरचे आधीच बाद. सहा जणांच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडीला १०० फोटो, त्यातले १० दोघांनी वेगवेगळे. पंचवीस आकारगट. निकाल दर चौरस मीटरला. शेवटी बादलीचा हिशेब : १२०० मीटर दोराखाली एक मीटर रुंद पट्टा घासला जातो असं मानलं तर तिथे किती स्पंज असतील.

शिंपली
पट्टा एक मीटर हे गृहीत आहे असं ठळक लिहा, आणि अर्धा व दोन मीटर धरूनही उत्तर काढा. बाद केलेल्या फोटोंची यादी कारणासह ठेवा. तीनशेतले सव्वाशे बाद झाले तर घाबरू नका, तेवढे होतात. म्हणून चिठ्ठ्या दुप्पट टाका.

मांजरातीर
एका फोटोला सुरुवातीला वीस-पंचवीस मिनिटं लागतील, सरावाने दहा. सलग तासाभरापेक्षा जास्त बसवू नका, डोळे थकले की छोटे जीव निसटतात. आणि रांगेच्या क्रमाने मोजू नका, फोटो पिसून द्या. नाहीतर "मागच्या फोटोत होतं म्हणून इथेही असेल" असं दिसायला लागतं.

बोअर_कॅमेरा
गोदाकाठ सर, पडद्याचा उजेड सगळ्या कॉम्प्युटरवर सारखा करून घ्या. आमच्याकडं एकाच बोअरचं शूटिंग एका मोबाइलवर पाणी दाखवतं, दुसऱ्यावर कोरडा दगड.

गोदाकाठ
हे सुचलंच नव्हतं. प्रयोगशाळेतले चार मॉनिटर चार रंगाचे आहेत. सोमवारी आधी तेच.